परदेशातील अभ्यासदौरा आणि उसनवारीचा विचार : भाटघर व नीरा खोऱ्याच्या अनुषंगाने

व्यवस्थापन, वाणिज्य व अर्थशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गटाने परदेशी जावे आणि तेथील कारखाने, पेढ्या, सहकारी संस्था व बाजार पाहावेत, ही प्रथा आता रूढ झाली आहे. दौरा बहुधा आठ-दहा दिवसांचा असतो. त्याचा खर्च पुष्कळदा विद्यार्थ्याच्या कुटुंबावर पडतो व काही वेळा तो कर्ज काढून भागवावा लागतो. परतल्यावर गटाकडून एक अहवाल सादर होतो. त्यात भेट दिलेल्या संस्थांची नावे असतात, छायाचित्रे असतात, आणि अखेरीस 'आपल्याकडेही असे करता येईल' अशा आशयाचा समारोप असतो. या समारोपातील 'असे' हा शब्द नेमका कशाचा निर्देश करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो पाहिलेल्या यंत्राचा निर्देश करतो, त्या यंत्राभोवतीच्या कार्यपद्धतीचा, की ती पद्धत ज्या परिस्थितीमुळे चालू राहिली त्या परिस्थितीचा? हे तीन निर्देश परस्परांहून अगदी भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे दौऱ्याचा खर्च तर वाया जातोच. शिवाय अशा अहवालांच्या आधारे पुढे जे निर्णय घेतले जातात, त्यांची झळ दौऱ्यावर कधीच न गेलेल्या माणसांना लागते.

एका समाजाने दुसऱ्या समाजाकडून काही घेणे, या व्यापाराचा सूक्ष्म अभ्यास भाषाशास्त्रात झालेला आहे. तेथील काही भेद अभ्यासदौऱ्याच्या विचारास उपयोगी पडण्याजोगे आहेत. ते भेद स्पष्ट करण्यासाठी दूरचे उदाहरण घेण्याची आवश्यकता नाही. पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे भोरजवळचे भाटघर धरण, आणि त्याच्या पाण्यावर चालणारे नीरेचे कालवे, यांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

१. संज्ञेचा अर्थ

मराठीत प्रवासवाचक शब्द अनेक आहेत व प्रत्येकामागे निराळी वृत्ती आहे. 'सहल' हा शब्द अरबीतून आलेला असून त्याच्या मुळाशी 'सोपे, विनासायास' हा अर्थ आहे. 'यात्रे'ला निघालेल्या माणसाच्या मनात काय पाहावयाचे हे आधीच ठरलेले असते, आणि ते पाहून त्याची श्रद्धा दृढ व्हावी अशी अपेक्षा असते. 'दौरा' हा शब्दही अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ फेरा. पुढे अधिकाऱ्याने आपल्या मुलखात घातलेल्या फेरीस तो रूढ झाला. अशा फेरीत विचारपूस, तपासणी व नोंद यांना महत्त्व असते. 'अभ्यास' हा शब्द संस्कृत असून त्याचा एक प्रधान अर्थ पुनरावृत्ती हा आहे. पाणिनीय व्याकरणात धातूचे द्वित्व झाले असता पूर्वभागास 'अभ्यास' अशीच संज्ञा दिलेली आहे.

तेव्हा 'अभ्यासदौरा' या सामासिक शब्दात दोन अटी अंतर्भूत आहेत : तपासणी आणि पुनरावृत्ती. एकदा पाहिलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेळी, दुसऱ्या माणसास विचारून पडताळली गेली म्हणजेच तिचा अभ्यास झाला. आठ-दहा दिवसांच्या परदेशगमनात पुनरावृत्तीस अवसर नसतो हे उघड आहे. यास्तव ती जाण्यापूर्वी व परतल्यानंतर, स्वदेशातच करावी लागते. प्रत्यक्षात पुष्कळ दौरे नावाने अभ्यासदौरे, आखणीने सहली आणि निष्कर्षाच्या दृष्टीने यात्रा असतात.

२. उसनवारीचे प्रकार

भाषा दुसऱ्या भाषेकडून शब्द घेते त्यास 'उसनवारी' म्हणण्याचा प्रघात आहे. आयनार हाउगेन या भाषाशास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या संज्ञेची विसंगती दाखविली. उसने देणाऱ्या भाषेस आपल्याकडून काही गेल्याचे कळतही नाही, आणि घेणारी भाषा ते परत करण्यास बांधलेली नसते. तरीही संज्ञा सोयीची असल्याने त्याने ती ठेवली व तिच्या पोटात दोन क्रिया वेगळ्या केल्या : आयात आणि प्रतिस्थापन. परक्या भाषेतील रूप जवळजवळ तसेच उचलणे ही आयात. परक्या रूपाच्या जागी आपल्याच भाषेतील सामग्री योजणे हे प्रतिस्थापन. प्रत्यक्षातील शब्द या दोन क्रियांच्या कमीअधिक मिश्रणातून घडतात.

मराठीतील तीन शब्दांनी हे स्पष्ट होईल. 'टेबल' हा शब्द आयात झालेला आहे. परंतु तोही मराठीत येताना नपुंसकलिंगी झाला आणि 'टेबलाला', 'टेबलावर' अशी सामान्यरूपे घेऊ लागला. 'पोलिसपाटील' हा शब्द मिश्र आहे. त्याचा अर्धा भाग इंग्रजी राजवटीतून आला व अर्धा गावगाड्यातून. आणि त्या शब्दाने दर्शविलेले पदही तसेच मिश्र होते. 'कारखाना' या शब्दाची गोष्ट तिसरी. मराठेशाहीच्या राज्यकारभारात अठरा कारखाने होतेच. यंत्रोत्पादनाची परकी संस्था आली तेव्हा मराठीने नवा शब्द न आणता त्या जुन्या शब्दावरच नव्या अर्थाचे ओझे ठेवले.

अभ्यासदौऱ्यातून आणल्या जाणाऱ्या गोष्टी याच तीन वर्गांत पडतात. कधी यंत्र किंवा साधन आयात होते. कधी परकी पद्धत व देशी संस्था यांचे मिश्रण होते. कधी परदेशी काय पाहिले याच्या प्रकाशात घरचीच जुनी संस्था नव्या कामास लावली जाते. यांपैकी पहिला प्रकार डोळ्यांस सहज दिसतो, म्हणून अहवालांत तोच अधिक असतो. तिसरा प्रकार दिसावयास कठीण, कारण त्यात बाहेरून आणलेले असे हातात काहीच नसते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयात झालेल्या शब्दालाही घेणाऱ्या भाषेच्या व्याकरणात बसावे लागते. जो बसत नाही तो काही काळ अवतरणचिन्हांत वावरतो आणि मग नाहीसा होतो. संस्थांच्या बाबतीत हे व्याकरण म्हणजे स्थानिक व्यवहार, कायदा, नातेसंबंध, ऋतुमान आणि पैशाची उपलब्धता. परदेशी पद्धत पाहताना विद्यार्थ्यास दोन व्याकरणे ठाऊक असावी लागतात : तेथील व येथील. पैकी येथील व्याकरण त्यास जन्मतःच अवगत आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत बरोबर नाही. बोलणाऱ्यास आपल्या भाषेचे व्याकरण सांगता येतेच असे नाही. तद्वतच एखाद्या व्यवहारात वाढलेल्या माणसास त्या व्यवहाराचे नियम सांगता येतीलच असे नाही.

३. नीरा खोऱ्यातील तीन उसनवाऱ्या

भाटघर येथे वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले दगडी धरण बांधण्यात आले. त्याच्या जलाशयास लेक व्हायटिंग असे नाव होते. त्याच्या जागी पुढे अधिक मोठे लॉइड धरण उभे राहिले व ते १९२८ मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्यास देण्यात आले होते. आज जलाशयास येसाजी कंक यांचे नाव आहे. धरणाची लांबी सुमारे १,६२५ मीटर असून साठवण सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट, म्हणजे कालव्यावरच्या बोलीत साडेतेवीस 'टीएमसी', आहे. येथे एक गोष्ट नवख्या पाहुण्याच्या लक्षात येत नाही. भाटघरहून मुख्य कालवे निघत नाहीत. सोडलेले पाणी वेळवंडीतून नीरेत येते, नदीच्या पात्राने वीरपर्यंत जाते, आणि तेथून डावा व उजवा कालवा सुरू होतात. डाव्या कालव्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर या भागांस व उजव्याचे फलटण, माळशिरस, पंढरपूर या भागांस मिळते. जेथे साठा आहे तेथे वापर नाही, व जेथे वापर आहे तेथून साठा दिसत नाही.

डावा कालवा १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या काळातला. दुष्काळनिवारण हा त्याचा हेतू होता. पण सुरुवातीची बरीच वर्षे शेतकरी दुष्काळी साल सोडल्यास पाणी घेण्यास फारसे उत्सुक नव्हते. पुढे ऊस आला. उसाच्या लागवडीत मुरलेले सासवडकडील माळी कुटुंबांतील लोक कालव्यावर येऊन जमिनी खंडाने करू लागले. पाण्याची मागणी वाढली आणि तिच्याबरोबर दोन अडचणीही आल्या. उसाचे मळे कालव्याच्या कडेने विखुरलेले असल्याने पाणी वाटेत फार मुरे, व अतिपाण्याने जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला आहे.

या प्रश्नाशी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निगडित आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले व प्रथम नाशिक-खानदेशकडे काम करू लागले. १८९८ मध्ये त्यांनी जपानचा सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासप्रवास केला. त्यानंतर पुण्यास कार्यकारी अभियंता असताना, १९०१ च्या सुमारास, त्यांनी सिंचन आयोगापुढे कालव्यांसाठी 'ब्लॉक' पद्धतीची योजना मांडली व ती नीरेच्या डाव्या कालव्यावर अमलात आली. ठरावीक जमिनीचे गट करावयाचे. गटाच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस व उरलेल्यात हंगामी पिके घ्यावयाची. उसाची जागा दरवर्षी पालटावयाची. आणि पाण्याची हमी काही वर्षांसाठी एकदम द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे पाणी अधिक गावांत पोहोचे, आणि एकाच जमिनीस सतत पाणी मिळून ती नासण्याचे टळे.

आता ही पद्धत कोठून आली? नाव इंग्रजी आहे, योजक परदेश पाहून आलेला आहे. म्हणून ती परदेशातून आणलेली असावी असा तर्क करणे सोपे आहे. परंतु जपानमध्ये विश्वेश्वरय्यांचे लक्ष मुख्यतः शिक्षण व उद्योगांची संघटना यांकडे होते, हे त्यांच्या पुढील लेखनावरून दिसते. उलट ब्लॉक पद्धतीशी निकटचे साम्य असलेली संस्था खानदेशात, पांझरा, मोसम इत्यादी नद्यांच्या काठी, पूर्वीपासून नांदत होती. ती म्हणजे फड पद्धत. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, फडाफडांतून पिके दरवर्षी फिरवावयाची, आणि पाटकरी, जागले इत्यादी माणसे शेतकऱ्यांनीच नेमावयाची, अशी ती व्यवस्था. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीचा आरंभच या मुलखात, पांझरेच्या काठी झाला होता, आणि या दोन पद्धतींमधील संबंध अभ्यासकांनी दाखविला आहे. हाउगेनच्या परिभाषेत हे प्रतिस्थापन होय : रूपास परके नाव मिळाले, सामग्री घरची राहिली. तथापि एक भाग मात्र वगळला गेला. फडावरील नेमणुका शेतकरी करीत. ब्लॉकवरील निर्णय सरकारी खात्याकडे गेले.

याच कालव्यावर दुसरी उसनवारी फसलेली दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मॉड्यूल' नावाची साधने येथे पुनःपुन्हा बसवून पाहण्यात आली. चारीच्या तोंडाशी बसवून ठरावीक प्रमाणातच पाणी सोडणारे हे यंत्र अन्य प्रांतांतील कालव्यांवरच्या अनुभवातून घडलेले होते. त्याच्या साह्याने पाणी मोजून देता येईल व पाणीपट्टी घनमापावर आकारता येईल, ही कल्पना तर्कशुद्ध होती. तरीही क्षेत्र व पीक पाहून पाणीपट्टी आकारण्याची रीत चालूच राहिली. कालव्याच्या पाण्याची पातळी खालीवर होई, पुरवठा पाळीपाळीने असे, आणि बागाइतदार व कालव्यावरील नोकरवर्ग यांच्यात जे व्यवहार रुळले होते त्यांत अचूक मोजणीस कोणाचीच आतुरता नव्हती. यंत्रात दोष होता की नव्हता हा प्रश्न येथे गौण ठरतो. येथील व्याकरणात त्यास जागा नव्हती.

शब्दांची साक्षही अशीच आहे. 'ब्लॉक' हा शब्द शेतकऱ्याच्या बोलीत मुरला : ब्लॉक मंजूर होतो, ब्लॉक रद्द होतो, ब्लॉकधारक अर्ज करतो. 'टीएमसी' व 'क्यूसेक' हे शब्द तर वर्तमानपत्रांतून घरोघर गेले. 'पाळी', 'शेजपाळी', 'पाट', 'चारी', 'पाटकरी' हे शब्द परक्या संज्ञांना पुरून उरले. 'मॉड्यूल' मात्र असा मुरला नाही. एखादी उसनी गोष्ट रुजली की नाही याची खूण पाहावयाची असेल तर तिचे नाव कोण उच्चारतो व त्यास कोणते प्रत्यय लावतो, हे पाहावे.

४. जपानचे उदाहरण

विश्वेश्वरय्या १८९८ मध्ये ज्या देशात गेले तो देश स्वतःच अभ्यासदौऱ्यांतून घडत होता. जपानी शासनाचे इवाकुरा शिष्टमंडळ १८७१ मध्ये निघाले, अमेरिका व युरोप पाहून १८७३ मध्ये परतले. त्याच्याबरोबर विद्यार्थ्यांचा एक मोठा गट होता. दौऱ्याचा वृत्तांत कुमे कुनिताके याने लिहिला व तो १८७८ मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध झाला. दौरा पावणेदोन वर्षांचा व वृत्तांताची सिद्धता त्याहून दीर्घ काळाची, ही गोष्ट आठ-दहा दिवसांच्या दौऱ्याच्या अहवालाशी ताडून पाहण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे उदाहरण उद्योगाचे आहे. टोयोटा कारखान्यातील ताइइची ओनो हे १९५६ मध्ये अमेरिकेस गेले. मोटारींचे कारखाने त्यांनी पाहिलेच. परंतु अमेरिकेतील ज्या गोष्टीशी त्यांच्या उत्पादनपद्धतीचे नाते त्यांनी स्वतः सांगितले आहे ती म्हणजे तेथील स्वयंसेवेची मोठी किराणा दुकाने. गिऱ्हाईक फळीवरून माल उचलतो आणि जेवढा उचलला तेवढाच पुन्हा भरला जातो. मागच्या प्रक्रियेने पुढच्या प्रक्रियेकडे माल ढकलण्याऐवजी पुढच्याने मागच्याकडून लागेल तेवढाच घ्यावा, हे तत्त्व त्यांनी कारखान्यात आणले. त्यासाठी वापरलेल्या चिठ्ठीस 'कानबान', म्हणजे पाटी, हा जुना जपानी शब्द दिला. मोटारीच्या कारखान्यात किराणा दुकानाचे एकही दृश्य रूप आले नाही. आला तो त्यामागील संबंध. आज चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत मराठी कामगार 'कानबान' व 'कायझेन' हे शब्द सहज उच्चारतात. शब्द आले, त्यांच्यामागील संबंधही आला का, हे मात्र प्रत्येक कारखान्यापुरते तपासावे लागेल.

भारतातही हा मार्ग अपरिचित नव्हता. १९५६ मध्ये भारतीय उत्पादकता-शिष्टमंडळ जपानला जाऊन आले व १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. त्यापूर्वी १९४६ मध्ये ऑल इंडिया मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशनच्या उद्योगपतींचे मंडळ युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते. त्याचे नेतृत्व वयाच्या पंचाऐंशीच्या घरात असलेल्या विश्वेश्वरय्यांकडेच होते.

भाषेची अडचण येथे विशेष जाणवते. विद्यार्थ्यांचा गट जपानमध्ये बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने ऐकतो. एखाद्या बैठकीत प्रस्ताव मांडला जातो व अल्पावधीत संमत होतो. तेव्हा 'येथे निर्णय फार त्वरेने होतात' अशी नोंद केली जाते. वस्तुतः बैठकीपूर्वी प्रत्येक संबंधित व्यक्तीस स्वतंत्रपणे भेटून तिचे मत घेण्याची रीत तेथे आहे. तिला 'नेमावाशी' म्हणतात. झाड एका जागेवरून दुसरीकडे हलविण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवती खणून मुळे सज्ज करणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पाहुण्याने पाहिली ती अखेरची क्रिया. सावकाश चाललेली पूर्वक्रिया त्याच्या दृष्टीआड राहिली. म्हणून स्थानिक संज्ञा भाषांतरित करण्यापूर्वी मूळ रूपात टिपून घेणे व तिचा शब्दशः अर्थ विचारणे, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ चुका टळतील.

५. उलट दिशेने येणारे पाहुणे

परदेशी विद्यार्थी आपल्याकडे अशाच दौऱ्यांवर येतात तेव्हा ते काय नेतात, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण त्या प्रसंगी उसने देणारा समाज आपण असतो व काय निसटते ते आपणांस दिसते. मुंबईचे डबेवाले हे अशा पाहुण्यांचे आवडते स्थळ. या व्यवसायातील बहुसंख्य माणसे पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीतील, विशेषतः राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांतील. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात २०२० च्या साथीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे होती. त्यानंतर ती संख्या बरीच घटली. हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयाने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अध्ययनप्रकरण प्रसिद्ध केले, व तेव्हापासून ते अनेक देशांच्या वर्गांत शिकविले जाते.

पाहुण्यास प्रथम दिसते ती डब्याच्या झाकणावरील खूण. रंग, आकडे व अक्षरे यांच्या त्या लहानशा लेखनपद्धतीत डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर पोहोचवावयाचा, हे सामावलेले असते. भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही ती अभ्यसनीय आहे. परंतु ती खूण म्हणजे व्यवस्था नव्हे. ती वाचणारा माणूस, चुकला तर त्यास सांभाळणारा मुकादम, गावाकडच्या ओळखीतून आलेली जबाबदारी, उत्पन्नातील वाटा, आणि मिनिटामिनिटाने चालणारी उपनगरी आगगाडी, हे सर्व मिळून ती व्यवस्था बनते. यांतील आगगाडी व गावचे नाते छायाचित्रात येत नाहीत.

पुराव्याच्या दृष्टीनेही हे उदाहरण बोलके आहे. १९९८ मध्ये 'फोर्ब्स' नियतकालिकात डबेवाल्यांवर लेख आला. त्यानंतर त्या नियतकालिकाने त्यांना 'सिक्स सिग्मा' मानांकन दिले, अशी समजूत सर्वत्र पसरली. प्रत्यक्षात तसे मानांकन त्या लेखात नव्हते. चूक किती वेळा होते या प्रश्नास मिळालेल्या एका अंदाजी उत्तरावरून गुणोत्तर निघाले, आणि ते व्याख्यानांतून, पाठ्यपुस्तकांतून व दौऱ्यांच्या अहवालांतून मोजलेल्या आकड्याच्या रूपाने फिरत राहिले. डबेवाल्यांचे काम उत्कृष्ट आहे यात संशय नाही. त्या उत्कृष्टतेस या आकड्याची गरजही नव्हती. परंतु सांगितलेला आकडा व मोजलेला आकडा यांतील भेद ज्या अहवालात राखला जात नाही, तो शास्त्रीय अहवाल म्हणता येणार नाही.

६. धरणाच्या वरचा अंग

आतापर्यंत रूप व त्यामागील कारणे यांचा विचार झाला. अभ्यासदौऱ्यात याहूनही अधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे किंमत. आणि ती समजून घेण्यासाठी पुन्हा भाटघरकडे वळावे लागते.

बारामती-इंदापूरकडील ऊस, फळबागा व साखर कारखाने पाहून कोणासही नीरेच्या कालव्यांचे यश मान्य करावे लागेल. पण तो पाहणारा धरणाच्या खालच्या अंगाला उभा असतो. वरच्या अंगाला वेळवंडीचे खोरे आहे. तेथील सुपीक जमीन जलाशयात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर पाण्याबाहेर येते, आणि तेथे एके काळी नांदती वस्ती होती याची ते खूण पटविते. धरण बांधले गेले तेव्हा हा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता व पाणी मुख्यतः संस्थानाबाहेरच्या जमिनींना जात होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. खोऱ्याचा उतार मात्र बदलला नाही. पावसाळ्यात ज्या डोंगरांवरून पाण्याचे लोट येतात, त्याच डोंगरांतील वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण या भागात निव्वळ अलंकार म्हणून उच्चारली जात नाही.

हे सांगण्याचा हेतू धरण बांधावयास नको होते असे सुचविण्याचा नाही. नीरेच्या कालव्यांनी दुष्काळी मुलखात जे परिवर्तन घडविले ते खरेच आहे. मुद्दा पद्धतीचा आहे. कोणत्याही यशस्वी व्यवस्थेला खालचा व वरचा असे दोन अंग असतात. पाहुण्यास नेतात ते खालच्या अंगाला. परदेशातील सुसज्ज कारखान्याला लहानसहान सुटे भाग पुरविणारे उपठेकेदार असतात, स्वच्छ बंदरामागे स्थलांतरित मजुरांच्या खोल्या असतात, स्वस्त मालामागे कोणाचे तरी वाढलेले तास असतात. त्यांपैकी काय असते व काय नसते हे पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही. परंतु पाहावयास हवे हे आधी ठरविता येते. जी पद्धत तेथे ज्या किमतीवर चालते ती किंमत येथे कोण देणार, हा प्रश्न ज्या अहवालात नाही, त्यातील 'आपल्याकडेही असे करता येईल' हे वाक्य अपुरे आहे. त्याचा कर्ता लुप्त आहे.

७. पूर्वतयारी व नोंद

वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. पहिली सूचना प्रश्नाविषयी. दौऱ्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याजवळ स्वदेशातील एक निश्चित प्रश्न असावा. प्रश्न तयार असेल तर थोडीशी सामग्रीही पुरते. महर्षी कर्वे यांच्या हाती १९१५ मध्ये जपानमधील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली. तेव्हा त्यांनी जपान पाहिलेही नव्हते. पण स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नात त्यांचे आयुष्य गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली व १९१६ मध्ये ते स्थापन झाले. त्यात मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह होता. तेव्हा जपानी नमुन्यातून घ्यावयाचे काय हे त्यांना नेमके कळले होते. जपानला ते पुढे, १९२९-३० च्या जगप्रवासात गेले. प्रश्नाविना केलेल्या लांबच्या दौऱ्याहून प्रश्नासह वाचलेली पुस्तिका अधिक फलदायी ठरली.

दुसरी सूचना नोंदीविषयी. टिपणवहीत तीन रकाने असावेत : प्रत्यक्ष पाहिलेले, कोणीतरी सांगितलेले, आणि स्वतः अनुमानलेले. सांगितलेल्या प्रत्येक विधानापुढे सांगणाऱ्याचे पद लिहावे, कारण व्यवस्थापकाचे विधान व कामगाराचे विधान एकाच मोलाने धरता येत नाही. स्थानिक संज्ञा मूळ रूपात टिपाव्यात.

तिसरी सूचना पुनरावृत्तीविषयी. परदेशगमनापूर्वी गटाने एक दिवस नीरा खोऱ्यात घालवावा. सकाळी भाटघर व त्याच्या वरच्या अंगाचे एखादे गाव, दुपारी वीर, सायंकाळी डाव्या कालव्याच्या शेवटाकडील एखादी चारी, असा क्रम ठेवता येईल. पाटकऱ्यास, ब्लॉकधारकास, आणि ज्याच्या चारीस पाणी उशिरा पोहोचते त्या शेतकऱ्यास तेच तीन प्रश्न विचारावेत : ही व्यवस्था कशामुळे चालते, कोठे अडते, आणि तिची किंमत कोण देते? उत्तरे परस्परांशी जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत याचे विवरण ज्यास मराठीत, त्याच माणसांना समजेल असे लिहिता आले, त्यास तेच प्रश्न परक्या देशात विचारण्याची योग्यता आली असे मानावयास हरकत नाही. परतल्यावर हीच फेरी पुन्हा करावी, म्हणजे 'अभ्यास' या शब्दातील पुनरावृत्तीचा अर्थ सार्थ होईल.

अखेरची सूचना अहवालाच्या समारोपाविषयी आहे. 'आपल्याकडेही असे करता येईल' या वाक्यातील 'असे' काढून त्याच्या जागी नाम लिहावे, 'आपल्याकडे' याच्या जागी गावाचे किंवा संस्थेचे नाव लिहावे, आणि 'करता येईल' या क्रियापदास कर्ता द्यावा. असे केल्यावर जे वाक्य शिल्लक राहते त्यावर विभागात चर्चा करता येते, त्याचे खंडन करता येते, आणि योग्य ठरल्यास ते अमलातही आणता येते. दौऱ्यासाठी झालेल्या खर्चाच्या बदल्यात विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा करणे वाजवी आहे.